धोतर, कोंबडी आणि ब्लॅकबर्न

माणसाला एखादे व्यसन असायला हरकत नाही, पण ते चार शेजाऱ्यांना समजावून सांगता येईल असे असावे, असे माझ्या वडिलांचे मत होते. तंबाखू समजते. पत्ते समजतात. भजनी मंडळाच्या नावाखाली रात्ररात्र बाहेर राहणेही एक वेळ समजते. परंतु चाळिशी उलटलेल्या, महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या गृहस्थाने रात्री साडेबाराला टीव्हीचा आवाज बंद करून विलायतेतला फुटबॉल पाहत बसावे आणि सकाळी पहिल्या तासाला तांबारलेल्या डोळ्यांनी वर्गावर जावे, हे काही केल्या समजत नाही. त्यातून तो ज्या संघासाठी जागतो तो संघ जिंकणारा असता, तरी गोष्ट वेगळी होती.

माझा संघ ब्लॅकबर्न रोव्हर्स. वाचकांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेले नसेल, याची मला कल्पना आहे. मॅंचेस्टर, लिव्हरपूल, बार्सिलोना, माद्रिद ही नावे आता आमच्या घनसावंगीतल्या पोरांच्या सदऱ्यांच्या पाठीवरसुद्धा दिसतात. ब्लॅकबर्नचा सदरा मात्र जालना जिल्ह्यात एकही नसावा. माझ्याजवळही नाही.

घनसावंगी म्हणजे जालन्याहून अंबडमार्गे यावे तेव्हा लागणारे तालुक्याचे गाव. समर्थ रामदासांचे जांब आमच्याच तालुक्यात. दक्षिणेला गोदावरी, मधे काळी जमीन, तिच्यात कापूस, ऊस आणि पाण्याची सोय असेल तिथे मोसंबी. सुगी आटोपली की मोकळ्या रानात पोरे क्रिकेट मांडतात. फुटबॉलचा गोलखांब मी या तालुक्यात पाहिल्याचे आठवत नाही. एका महाविद्यालयाच्या क्रीडाविभागात चेंडू होता आणि हवा भरायचा पंपही होता, पण त्या दोघांची गाठ पडल्याचे कोणी पाहिलेले नव्हते. खरे तर मराठवाड्याला हा खेळ अगदीच परका म्हणता येत नाही. आपण ज्या निजामी मुलखातून बाहेर आलो, त्याच्या राजधानीतल्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला होता. पण ती हवा हैदराबादेतच राहिली. आमच्यापर्यंत पोहोचली ती फक्त पोलीस.

मग मला हा रोग लागला कुठे? लागला कोल्हापुरात. माझे मामा तिथे एस.टी.त नोकरीला होते. त्यांच्याकडे राहून मी शिवाजी विद्यापीठात एम.ए. केले. कोल्हापूर कुस्तीचे, हे पाठ्यपुस्तकातले ज्ञान घेऊन मी गेलो होतो. पहिल्याच हिवाळ्यात मामा मला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले आणि मी थक्क होऊन पाहतच राहिलो. मैदानावर उतरत होत्या त्या तालमीच! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. ज्या तालमींच्या आखाड्यात बापजाद्यांनी लाल मातीत अंग घुसळले, त्याच तालमींच्या नावाने नातवंडे चेंडू लाथाडत होती आणि अख्ख्या पेठा हलगी घेऊन त्यांच्यामागे उभ्या होत्या. विश्वचषक आला की याच शहरातल्या गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात, भिंतीवर खेळाडूंची चित्रे चढतात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तो काही आकाशातून पडलेला नव्हता.

त्या दिवशी मामांची तालीम हरली. येताना मी आपले शहाणपण पाजळले. म्हटले, ‘‘मामा, समोरचा संघ खरोखरच सरस होता. तुम्ही त्यांचेच का होत नाही?’’ मामांनी सायकल थांबविली. माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी मामीला सोडून देण्याचा सल्ला दिला होता. ‘‘भाच्या,’’ ते म्हणाले, ‘‘तालीम हरली म्हणून कोण पेठ सोडून जातंय व्हय?’’

एवढे बोलून ते पुन्हा सायकलवर बसले. मी मात्र या वाक्यावर पुढे बरीच वर्षे काढली आहेत.

नोकरी लागून मी गावाकडे परतलो. केबलच्या कृपेने इंग्लंडमधले सामने घरात येत होते, ते मी पाहत असे, पण परक्याच्या लग्नात जेवावे तसे. सगळे पदार्थ उत्तम, पण कुणी आग्रह करणारे नाही. आणि मग नोव्हेंबर २०१० मध्ये बातमी आली, की पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या कोंबड्यांच्या धंद्यातल्या घराण्याने इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स नावाचा संघ विकत घेतला. माझ्या चुलतभावाची दोन पोल्ट्री शेडे आहेत. तो धावतच घरी आला. ‘‘ऐकलं का मास्तर? आपल्या कोंबडीवाल्यांनी साहेबाची टीम घेतली!’’ त्याच्या दृष्टीने हा अटकेपार झेंडा होता. खोटे कशाला बोलू, माझ्याही दृष्टीने होता. प्राध्यापकाला शोभणार नाही असा अभिमान वाटून मी त्याच रात्री ब्लॅकबर्नचा झालो.

आता संघ आपला म्हटल्यावर त्याचे कूळ पाहिले पाहिजे. मी जिल्हा ग्रंथालय आणि संगणक दोन्ही धुंडाळले, आणि जे सापडले ते वाचून कोंबडीचा अभिमान मागे पडला.

ब्लॅकबर्न हे लॅंकेशायर परगण्यातले गिरणगाव. या गावातले माग मोठ्या प्रमाणात विणत असत ते कापड कोणते? तर हिंदुस्थानात खपविण्याची धोतरे! अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस यायचा थांबला, तेव्हा लॅंकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि त्यांनी आपल्या पश्चिम हिंदुस्थानच्या कापसावर हात टाकला. वऱ्हाड-खानदेशाच्या काळ्या मातीतला हा आखूड धाग्याचा कापूस तिकडे ‘सुरती’ म्हणून ओळखला जाई. तो मागावर सारखा तुटे. देवा, आम्हांला कापूस दे, पण सुरती नको, अशी प्रार्थना तिथले विणकर करीत, अशी आख्यायिका आहे. पुढे स्वदेशीची आणि बहिष्काराची चळवळ झाली, इथे विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, तिकडे गिरण्यांची दारे बंद झाली. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम लॅंकेशायरात गेले. ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेन गावी उतरले आणि बेकार झालेल्या कामगारांना भेटले. ज्यांची भाकरी आपल्या चळवळीने हिरावली, त्यांच्याकडे हा मनुष्य पाहुणा म्हणून गेला आणि त्या कामगारांनी त्याचे हसून स्वागत केले. इतिहासातला हा प्रसंग मला नेहमी एखाद्या सामन्यासारखा वाटतो. खेळ संपल्यावर दोन्ही बाजूंनी हात मिळविल्यासारखा.

मी हे सारे एका संध्याकाळी वडिलांना सांगितले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादांनी सारा जन्म कापसात काढलेला. ते वाती वळता वळता ऐकत होते. ऐकून म्हणाले, ‘‘मंजी आपला कापूस तिकडं गेला, त्याचं धोतर होऊन परत आलं, आन् आता हिकून कोंबड्या गेल्या. वसूल झालं म्हनायचं का अजून बाकी हाय?’’

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी दादांचा प्रश्न ठरलेला असे. ‘‘काय झालं आपल्या ब्लॅकबरनचं?’’

दादांना मी एक गोष्ट समजावून सांगत असे, ती म्हणजे लीग आणि कप यांतला फरक. लीगमध्ये वरच्या विभागात वीस संघ, प्रत्येकाचे अडतीस सामने, ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. शेवटचे तीन संघ खालच्या विभागात ढकलले जातात आणि खालून तीन वर येतात. (आमच्या विद्यापीठांत ही पद्धत आणली तर काय बहार होईल, हा विचार मी अनेकदा केला आहे आणि स्वतःची जागा आठवून सोडून दिला आहे.) कपाचे उलट. एक सामना हरलात की घरी. तिथे खेडेगावच्या हौशी संघालाही उतरता येते आणि एखाद्या चिखलाच्या दुपारी मोठ्याला चीत करता येते. दादा म्हणाले, ‘‘लीग म्हंजी शेती, आन् कप म्हंजी मटका.’’ क्रीडासमीक्षकांनी या विषयावर पुष्कळ लिहिले आहे, पण इतके थोडक्यात लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

हा जो मटका, म्हणजे इंग्लंडचा एफ. ए. कप, तो १८७१-७२ पासून चालू आहे. पहिली अकरा वर्षे तो बड्या घरच्या, बड्या शाळांत शिकलेल्या साहेबलोकांच्या हातून सुटला नाही. सुटला तो १८८३ साली आणि पडला तो ब्लॅकबर्नमध्येच! रोव्हर्सच्या नव्हे, त्याच गावच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाच्या पदरात. विणकर आणि गिरणी कामगारांच्या या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना २-१ असे हरविले. खेळ साहेबांच्या हिरवळीवरून कामगारांच्या गल्लीत आला तो त्या दिवशी. ऑलिंपिक पुढे पैशांअभावी १८८९ मध्ये बुडाला. रोव्हर्सने मात्र १८८४, ८५, ८६ असा तीनदा ओळीने कप नेला. १८८८ साली जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या बारा संस्थापक संघांत रोव्हर्स होता. आमची कुळी अशी आहे!

मधला काळ मी भरभर ओलांडतो, कारण संघानेही तो बराचसा खुरडतच ओलांडला. नव्वदच्या दशकात गावचाच एक पोलादाचा व्यापारी, जॅक वॉकर, पुढे आला. जालन्याच्या सळ्यांच्या कारखानदारांनी मनावर घेतले तर काय होईल, याची कल्पना करा. त्याने पदरचे पैसे ओतले, केनी डॅल्ग्लिशला व्यवस्थापक नेमले, ॲलन शिअररला आणले. शिअररने १९९४-९५ च्या लीगमध्ये चौतीस गोल केले. १४ मे १९९५ रोजी, शेवटच्या दिवशी, ब्लॅकबर्न लिव्हरपूलला हरले. पण तिकडे मॅंचेस्टर युनायटेडची वेस्टहॅमशी बरोबरी झाली आणि ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाने ब्लॅकबर्न इंग्लंडचे विजेते ठरले. स्वतः हरून जिंकणे ही किमया लीगच करू शकते.

पुढच्या हंगामात हे विजेते युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये गेले. तिथला आमचा पराक्रम असा, की मॉस्कोच्या थंडीत स्पार्टाकविरुद्ध खेळताना डेव्हिड बॅटी आणि ग्रॅएम ल सो हे आमचेच दोन खेळाडू एकाच चेंडूवर धावले, चेंडू गेला आणि दोघे भर मैदानात एकमेकांवर हात उगारून उभे राहिले. गटात आम्ही तळाशी होतो. भाऊबंदकी ही काही केवळ मराठी माणसाची मिरास नाही, हे यावरून दिसेल.

वॉकर २००० साली वारला, आणि दहा वर्षांनी संघ पुणेकरांकडे आला. मी येथे शिरलो. माझ्या पायगुणाबद्दल आता सांगतो.

महिनाभरात जुना व्यवस्थापक गेला. नवा आला. संघ घसरू लागला. प्रेक्षक आधी कुजबुजले, मग ओरडू लागले. ७ मे २०१२. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. इव्हूड पार्क या आमच्या मैदानावर विगनशी सामना होता आणि तो हरला तर खालच्या विभागात जाणे अटळ होते. तिकडे धो धो पाऊस, इकडे मे महिन्याचा उकाडा आणि भारनियमन. इन्व्हर्टरवर मी पंखा बंद ठेवून टीव्ही चालविला होता. सामना चालू असताना एकदम मैदानात कोंबडी दिसली. ब्लॅकबर्नच्याच कुणा प्रेक्षकाने मालकांना हिणवायला ती सोडली होती. समालोचक हसत होते. कोंबडी बिचारी पावसात भिजत इकडून तिकडे धावत होती. ८७ व्या मिनिटाला विगनने गोल केला आणि ब्लॅकबर्न वरच्या विभागातून गेले. गेले ते आजवर परतलेले नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. पराभवाचे दुःख होतेच, पण खरा घोटाळा निराळा होता. ती कोंबडी कोणाला उद्देशून होती? मालकांना. मालक कोण? ज्यांच्यामुळे मी या संघाचा झालो, ते आपले लोक. मग ती मलाही उद्देशून होती. विलायतेतल्या गर्दीने आपल्या माणसांना असे हिणवावे, हे पाहून अंगाचा तिळपापड झाला. आणि तरीही, पावसात भिजत रडवेला झालेला जो म्हातारा पडद्यावर क्षणभर दिसला, त्याच्या गळ्यातल्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्याकडे पाहून वाटले, की हा मामांसारखा दिसतो. याच्या आजोबाने धोतरे विणली असतील. याची पेठ बुडाली आहे. मी कुणाच्या बाजूने रागवायचे?

चुलतभावाचा निर्णय झटपट झाला. ‘‘सोडा मास्तर, दुसरी घ्या. मॅंचेस्टर घ्या.’’ मोटारसायकल बदलावी तसे. मला मामांची थांबलेली सायकल आठवली.

संघ असतो कोणाचा, हा प्रश्न एकट्या ब्लॅकबर्नचा नाही. पैसे घालतो त्याचा म्हणावे, तर ते खोटे नाही. पुणेकर मालकांनी तोट्याचा खड्डा वर्षानुवर्षे आपल्या खिशातून भरला, हे त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे. जर्मनांनी यावर एक तोडगा काढला आहे. तिथे काही जुने अपवाद सोडले, तर संघाच्या मतांतली निम्म्याहून एक तरी जास्त मते सभासदांच्या हाती असलीच पाहिजेत, असा लीगचा नियम आहे. बार्सिलोनाचा अध्यक्ष सभासद निवडतात. इंग्लंडमध्ये तसे नाही, पण २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा धनाढ्य संघांनी स्वतःची निराळी ‘सुपर लीग’ काढल्याचे जाहीर केले, जिच्यात बहुतेकांना खाली पडण्याचे भयच नव्हते, तेव्हा रस्त्यावर उतरले ते त्यांचेच प्रेक्षक. दोन दिवसांत सहाही इंग्लिश संघांनी माघार घेतली. शेती हवी, पण दुष्काळ नको, असे म्हणणाऱ्यांना गावाने परत शेतात धाडले. ही बातमी वाचून दादांना फार आनंद झाला असता.

दादा तेव्हा नव्हते.

संघ खालच्या विभागात गेल्यावर सामने टीव्हीवर दिसेनासे झाले. ७ मे २०१७ रोजी, पुन्हा ७ मे, तो आणखी खाली, तिसऱ्या विभागात गेला. शेवटचा सामना ३-१ असा जिंकूनही गेला, कारण नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण तितकेच आणि गोलफरक सरस निघाला. तिसऱ्या विभागाचे सामने घनसावंगीत कोण दाखविणार? मोबाईलच्या पडद्यावर दोन आकडे असत आणि ते बदलण्याची मी वाट पाहत असे. वाचकहो, शून्याकडे दीड-दोन तास टक लावून पाहण्याचा अभ्यास योगी लोक करतात असे ऐकले आहे.

त्याच हिवाळ्यात बोंडअळीने आमच्या भागातला कापूस खाल्ला. दादांचे हृदय आधीच थकलेले होते. खाटेवर पडून ते दोनच चौकश्या करीत. सरकारी पंचनामे झाले का, आणि ब्लॅकबरन कितव्या नंबरावर आहे. पहिल्याचे उत्तर द्यायला मी चाचरत असे. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्या वर्षी चांगले होते. संघ जिंकत होता. २४ एप्रिल २०१८ च्या रात्री डॉनकास्टरला सामना होता. जिंकला की एक विभाग वर. मध्यरात्र होऊन गेली होती. मी दादांच्या खाटेशेजारी चटईवर पडून मोबाईलकडे पाहत होतो. शून्य-शून्य. बराच वेळ शून्य-शून्य. शेवटच्या टप्प्यात आपल्या बाजूचा आकडा एक झाला आणि तसाच राहिला.

दादा जागेच होते. ‘‘काय झालं?’’

‘‘वर आलो, दादा.’’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘यंदा कपाशीच्या मधी तुरीच्या वळी टाक. एकट्या कापसावर नगं राहू.’’

पाऊस पडायच्या आत ते गेले. मी तुरीच्या ओळी टाकल्या.

ब्लॅकबर्न तेव्हापासून मधल्या विभागात आहे. २०२३ साली बढतीच्या उपान्त्य सामन्यांची जागा केवळ गोलफरकाने हुकली. २०२४ मध्ये शेवटच्या दिवशी लेस्टरमध्ये जाऊन २-० जिंकले, म्हणून खाली पडता पडता वाचले. शेतीत याला बरे वर्ष म्हणतात. मामा निवृत्त होऊन कोल्हापुरातच आहेत, गुडघे दुखतात, तरी स्टेडियमच्या पायऱ्या चढतात. फोनवर ते मला त्यांच्या तालमीची हकीकत सांगतात, मी त्यांना माझ्या. दोघांनाही दुसऱ्याचे खेळाडू ठाऊक नाहीत, पण बोलणे अर्धा तास चालते.

या दिवाळीच्या तोंडावर कापसाची पहिली वेचणी चालू असताना एक शनिवार आला. संध्याकाळी सामना होता, तो मी अंगणात बसून मोबाईलवर ऐकला. आई ओट्यावर पणत्यांसाठी वाती वळीत होती. दादा गेल्यापासून रविवारपर्यंत थांबण्याची पद्धत मोडली आहे.

‘‘काय झालं रं तुमच्या त्याचं?’’ तिने विचारले.

‘‘बरोबरी, आई. एक-एक.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘तो कापूस आत घे. दंव पडाया लागलंय.’’